धाकटीच्या वेणीतली मुळी

उंटकटारी सूर्यफुलाच्या घराण्यातली, हे मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर चित्र काढून शिकवते. आमच्या माळावर तिचे निळसर काटेरी चेंडू थंडीभर फुललेले असतात. त्याच उंटकटारीची मुळी आईनं खणून आणली आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वेणीत बांधली. सुटका लवकर होते म्हणे!

"पण ध्यानात ठेव," आई मला म्हणाली, "बाळ आलं की त्याच घडीला काढायची. राहिली तर बाळामागं सगळंच बाहेर येतं. बाई जगत न्हाई."

"काहीतरीच तुझं!" मी फणकारले. शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारी मी, आणि माझ्याच घरात हे.

दुपारी कळा सुरू झाल्या. धाकटीच्या थोरल्या पोरीला सांभाळायला आई मागं थांबली, आम्ही दोघी जीपनं केजच्या दवाखान्यात गेलो. धाकटीला आत नेलं, दार लागलं. तासाभरानं बाळाचं रडणं ऐकू आलं. मी हात जोडले, आणि तेव्हाच आठवलं. मुळी वेणीतच होती.

काही होत नसतं, मी स्वतःला दटावलं. इतक्यात नर्स धावत बाहेर आली. "रक्त थांबंना!" असं डॉक्टरांना ओरडून सांगत पुढं गेली. माझा फोन वाजला, आईचा होता. उचलला नाही. पुन्हा वाजला. काय सांगणार होते मी तिला? दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. विज्ञानाची बाई असून मुळीचं कसं बोलू? बहीण आत मरतीय आणि मला लाज सुचतीय. थू माझ्या जिंदगानीवर!

नर्स परत आली तसा मी तिचा हातच धरला. "सिस्टर, तिच्या केसात मुळी हाय. आधी ती काढा, पाया पडते तुमच्या!"

तिनं खिशातून मुळी काढून माझ्या हातावर ठेवली. "आत घेतानाच काढली, ताई. मी आधी वेण्याच चाचपते सगळ्यांच्या." दार पुन्हा लागलं.

मुळी माझ्या मुठीत होती, तरी आत रक्त वाहतच होतं. आता तर दोष द्यायलाही काही उरलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग नर्स बाहेर येऊन म्हणाली, "थांबलं."

मी आईला फोन लावला.

"मुळी काढली का गं?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"काढली. बरी हाय ती."

मुलगा की मुलगी, तिनं विचारलं नाही. कधी न रडणारी माझी आई हुंदके देत होती. "मीच बांधलती गं," एवढंच म्हणत राहिली, "मीच बांधलती."