तारखांची फ्लॉपी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. रत्नागिरीतलं वकिलांच्या फ्लॉपीचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्यातली पहिली चूक माझी होती.

माहिती तंत्रज्ञानाचा कायदा तेव्हा नवा होता. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकांनीच करायचा, असा नियम. त्यामुळे कागदावर साहेबांचं नाव आणि पायपीट माझी.

एका सोमवारी एक ज्येष्ठ वकील अर्ज घेऊन ठाण्यात आले. लांज्याजवळच्या एका काजूच्या बागेचा दावा ते वादीतर्फे चालवत होते. ओळीने तीन तारखांना प्रतिवादीकडे त्यांच्या मुद्द्यांची उत्तरं आधीच तयार होती. तिसऱ्या वेळी तर त्यांच्या टिपणातलं एक वाक्य समोरून शब्दशः आलं. ते टिपण छापलेलंही नव्हतं, फक्त ऑफिसच्या संगणकात होतं.

"संगणकाला हात कोण लावतं?" मी विचारलं.

"मी आणि माझी टायपिस्ट. मला तर तो नीट चालवताही येत नाही."

"म्हणजे तिच्यावर संशय?"

"संशय म्हणू नका. पण दुसरं आहे कोण?"

टायपिस्ट मिरकरवाड्याची, वडील मच्छीमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. वकिलांकडे सहा वर्षं कामाला होती. महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हे कलम मला तोंडपाठ होतं. तरी मी तिला ठाण्यात बोलावलं. शेजारी महिला शिपाई बसवली, म्हणजे झालं, असं स्वतःला समजावलं. सकाळी दहापासून चारपर्यंत ती बाकावर होती. मी एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारत होतो.

"साहेब, मी दिवसाला चाळीस पानं टंकते," ती शेवटी म्हणाली. "ती वाचून कोणाला सांगत बसायला मला वेळ नाय ओ."

खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी उत्तर थोडं सुधारून देतो. हिचं उत्तर सकाळपासून तेच होतं. तेव्हा मी प्रश्न बदलला. "ऑफिसात बाहेरचं कोण येतं?"

"पक्षकार, पोस्टमन. आणि शनिवारी तारखावाले."

हे तारखावाले म्हणजे गावात संगणकाचे वर्ग चालवणारे एक गृहस्थ. कोर्टाचा आठवड्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीला लागलेल्या दाव्यांची यादी, उतरवून घ्यायचे, फ्लॉपीवर त्याचं पान बनवायचे आणि पाच-सहा वकिलांना द्यायचे. ब्राउझरमध्ये पान उघडलं की कोणत्या दाव्याची तारीख कधी ते दिसे. दर शनिवारी नवी फ्लॉपी ठेवून जुनी परत न्यायचे.

"पान उघडलं की इंग्रजीत काहीतरी विचारतं," ती सांगत होती. "ते म्हणाले, Yes दाबा, नायतर तारखा दिसणार नायत. पण एकदा चुकून No दाबलं, तरी दिसल्या. आणि Yes दाबलं की फ्लॉपी बराच वेळ घरघरते. No ला लगेच गप्प."

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी ऑफिसातली ती फ्लॉपी पंचांसमक्ष ताब्यात घेतली आणि तंत्रनिकेतनातल्या एका प्राध्यापिका बाईंकडे नेली. त्यांनी पान ब्राउझरऐवजी साध्या नोटपॅडमध्ये उघडलं. तारखांच्या खाली जावास्क्रिप्टच्या वीसेक ओळी होत्या.

"इंटरनेटवरून आलेल्या पानाला तुमच्या संगणकातल्या फाईली वाचता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "हे पान फ्लॉपीवरून उघडतं. ब्राउझर इशारा देतो, की हा भाग धोक्याचा असू शकतो, चालू देऊ का? तुम्ही होय म्हणालात की त्याला सगळे फोल्डर मोकळे. हे बघा, नावात त्या दाव्याचा क्रमांक असलेली प्रत्येक फाईल ते फ्लॉपीवरच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये उतरवून घेतं."

लपवलेलं फोल्डर उघडलं. आत वकिलांची चार टिपणं होती. बाकीच्या वकिलांच्या फ्लॉप्याही तपासल्या. त्यांत नुसत्या तारखा.

पंचांसमक्ष सहज न दिसणारी खूण करून ती फ्लॉपी आम्ही जागेवर ठेवली. शनिवारी गृहस्थ आले, नेहमीसारखे हसून बोलले आणि ती घेऊन गेले. तासाभराने आम्ही त्यांच्या वर्गात शिरलो तेव्हा पडद्यावर वकिलांचं टिपण होतं आणि प्रिंटरमधून दुसरं पान बाहेर येत होतं.

ठाण्यात ते बराच वेळ कायद्याच्या गोष्टी बोलत राहिले. फाईल चोरली कुठे, ती तर जागेवरच आहे. परवानगी तर त्यांनीच दिली. त्यांच्या नात्यागोत्याची चौकशी मी तोवर करून ठेवली होती, म्हणून ऐकून घेतलं. मग विचारलं, "सहा वकिलांत हेच एक का? तुमची सासुरवाडी कुठली?"

"लांजा."

"प्रतिवादी तुमचे कोण?"

"सासरे." मग खाली बघत म्हणाले, "अठरा वर्षं त्या बागेपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतायत. मरायच्या आधी त्यांना निकाल बघायचाय. मी दुसरं काय करणार होतो?"

त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दोषारोपपत्र मात्र गेलं.

दरम्यान टायपिस्टची नोकरी गेली होती. वकिलांनी तिला परत बोलावलं, ती गेली नाही. ठाण्यात दिवसभर बसवलेली मुलगी म्हणून मिरकरवाड्यात बोलणं सुरू झालं होतं. मी एक पत्र लिहून तिच्या घरी गेलो. ओसरीवर तिचे वडील जाळं विणत होते. मला बघूनही त्यांनी हात थांबवला नाही. ती बाहेर आली, पत्र उभ्यानेच वाचलं आणि परत केलं.

"साहेब, 'आपणाविरुद्ध पुरावा आढळून आला नाही' असं लिहिलंय."

"बरोबर आहे ना?"

"याचा अर्थ लोक काय काढतील? केलं असेल, पण सापडलं नाय. माझा यात संबंध नव्हता, असं लिहा. आणि खरं कोणामुळे कळलं, तेही लिहा."

मी तिथेच बसून नवा कागद घेतला आणि ती म्हणाली तसं लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं, मग वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि आतल्या कोणाला तरी चहा टाकायला सांगितलं.

तपासात आपण आधी त्याच्याकडे बघतो जो सर्वांत जवळ असतो आणि ज्याच्या मागे कोणी उभं नसतं. हे मी पुढे अनेक नवीन अधिकाऱ्यांना सांगितलं. निवृत्तीपर्यंत निर्दोष माणसाच्या कागदावर 'पुरावा आढळला नाही' हे शब्द मात्र मी पुन्हा कधी लिहिले नाहीत.