साहेबांची फुलं

आजोबांच्या फोटोपाशी फुलं ठेवायला अग्निशमन केंद्राचे जुने साहेब पुढे आले, तेव्हा नातीचं डोकं तडकलं. याच माणसाने आजोबांना बंबावरून उतरवून फोनपाशी बसवलं होतं. गुन्हा एवढाच, की हुकूम मोडून ते जळत्या गोदामात शिरले आणि दोन हमालांना एकेक करून बाहेर घेऊन आले.

पुढची सहा वर्षं दर सुट्टीला आजोबा नातीला डोंगरात नेत. ओल्या काटक्या पेटवायला आणि निघताना राखेत हात घालून ती गार झाली का बघायला त्यांनीच तिला शिकवलं. साहेबांबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

"फार शिस्तीचा माणूस," साहेब म्हणाले.

"शिस्त नाही असं तुम्हीच लेखी दिलं होतंत," नात म्हणाली. "फुलं परत घेऊन जा."

"अगं, आज तरी राहू दे," आई कुजबुजली.

"ते होते तोवर त्यांनी मला बोलू दिलं नाही. आज बोलणार."

साहेबांनी आधारासाठी बंबाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे पाहिलं.

"पोरगी खरं बोलतेय, साहेब. त्या दिवशी गाडीवर मीच होतो," तो म्हणाला.

साहेब फुलं घेऊनच जिना उतरले. आता हलकं वाटेल असं नातीला वाटलं होतं. पण राग जिथल्या तिथेच होता.