वाजवून बघणं

बाबा गवंडी. कुणाच्याही घरी गेले की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवतात. नुसता गिलावा सुटला असेल तर तेवढाच काढून नवा मारायचा. ओल विटांत मुरली असेल तर भिंतच उतरवावी लागते.

मंगळवारी त्यांच्या आतड्याच्या शेवटाशी असलेल्या कॅन्सरच्या छोट्या गाठीची आतून सोनोग्राफी झाली. गाठ किती खोल गेलीय यावरून उपचार ठरणार होते. पडद्यावर आतड्याच्या भिंतीचे काळे-पांढरे थर दिसत होते. मी शेजारी उभा होतो.

"आवाज आत जातो, परत येतो, त्यावरून कळतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणजे वाजवूनच बघता," बाबा कुशीवर पडल्यापडल्या म्हणाले. "वरच्या थरातच आहे ना?"

"तसंच दिसतंय. मग नुसती गाठ काढता येईल."

"चुकतं का कधी?"

"चुकतं कधीकधी."

बाबांनी मान हलवली. न फोडता भिंतीच्या आतलं ओळखायचं म्हटलं की थोडं चुकायचंच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक.

बाहेर बाकड्यामागचा गिलावा फुगला होता. सवयीने त्यांचा हात वर गेला, भिंतीवर टेकला आणि तसाच राहिला. त्यांनी वाजवून पाहिलं नाही.