मुकादमिणीचा अर्धा तास

रेडिओ लावण्याआधी घरातली लाईट घालवणारी बाई मी एकच पाहिली. दुपारी साडेबाराला आमची मुकादमीण स्टुलावर चढायची, मेन स्विच खाली ओढायची, पंखा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची आणि मग मांडीवर रेडिओ घेऊन खिडकीत बसायची. फ्रिज बंद, टीव्ही बंद, सुनेचं इंटरनेट बंद. सेलवर चालणारा तो जुना ट्रान्झिस्टर तेवढा बोलायचा. स्टुलावरून पडशील म्हटलं तर म्हणायची, "पडले तर पडले. तुझ्या अंगावर तर नाही ना पडत?"

मुकादमीण हे काही तिचं नाव नव्हे. भांडुपच्या बाजूला औषधांचा एक कारखाना होता. तिथल्या पॅकिंग खात्यात ती बायांवरची मुकादम आणि मी तिच्या हाताखालची. कारखाना कधीच बंद पडला, पण नाव राहिलं. चाळीत पोरंसोरंही तिला मुकादमीण म्हणत आणि ती ओ देत असे.

रेडिओ तिला त्या कारखान्यानेच दिला. दिला म्हणजे द्यावा लागला. एका वर्षी जुन्या कामगारांना भेटी वाटल्या. पुरुषांना ट्रान्झिस्टर, बायकांना कुकर. मी कुकर घेऊन घरी आले आणि मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू? हिने आपला कुकर साहेबाच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "साहेब, हा घरच्यांसाठी झाला. माझ्यासाठी काय?" साहेब हसला. ही हसली नाही. साडेबाराची, जेवणाची अर्ध्या तासाची सगळी सुट्टी ती तिथेच उभी राहिली. भोंगा झाला तरी हलेना आणि मुकादम जागेवर नाही म्हणून आम्ही सगळ्या हात बांधून बसलो. शेवटी साहेबाने एक रेडिओ काढून दिला. घरी नवऱ्याने विचारलं, "तुझा कुकर कुठाय गो?" तर म्हणाली, "कुकरात गाणी लागत नाहीत."

सेलचं तिचं शास्त्र होतं. रेडिओला चार मोठे सेल लागत. ते मरायला आले की ती पापडांसारखे उन्हात मांडायची आणि त्यावर आणखी दोन दिवस काढायची. जुन्यांत नवा सेल घालायचा नाही, हा तिचा कडक नियम. "जुना नव्यालापण खातो," असं ती सांगायची आणि सांगताना माझ्या सासूकडे बघायची. पुढे आमच्या दुकानदाराने मोठे सेल ठेवणंच सोडलं. "आजी, आता रिमोटचेच सेल खपतात," म्हणाला. हिने ते बारके सेल आणले, प्रत्येकाला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा गुंडाळून जाड केलं, मागे उरलेल्या जागेत चॉकलेटची चांदी चेपून भरली आणि रेडिओ सुरू केला. "लग्न टिको न टिको," म्हणाली, "पत्रिकेचा पुठ्ठा टिकतो."

चाळ पाडून टॉवर झाला. ती मुलाकडे अकराव्या मजल्यावर, मी नवव्या. तिथे गेलो त्या दिवसापासून तिचा रेडिओ नुसता खरखरायला लागला. मुलगा विजू म्हणाला, "आई, मोबाईलवर सगळी गाणी आहेत. हा डबा टाक आता." तिने रेडिओ पिशवीत घातला. मला घेऊन रिक्षाने घाटकोपरला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेली. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, बंद केलं आणि रेडिओ फुटपाथवर नेऊन लावला. स्वच्छ गाणं लागलं. "आजी, सेट चांगला आहे," तो म्हणाला. "खरखर तुमच्या घरात आहे. चार्जर, नवे दिवे, इंटरनेटचा डबा, सगळे मिळून याच्या कानात ओरडतात."

परत आल्यावर चप्पलही न काढता तिने एकेक बटण बंद करत आणलं. दिवा घालवला, खरखर थोडी कमी. टीव्हीची पिन काढली, आणखी कमी. मग कंटाळून मेन स्विचच ओढला. गाणं असं लागलं की गाणारी बाई श्वास कुठे घेते तेही कळलं. शेजाऱ्यांची जरा खरखर उरली होती. "तेवढी चालेल," म्हणाली. "माणसं तर आहेतच ना शेजारी." डोळे मिटून, आवाज आणखी साफ लागावा म्हणून रेडिओ हळूहळू खाडीच्या दिशेला वळवत ती बसली. तिला इतकं गप बसलेलं मी कारखान्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिची सून प्रज्ञा घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. पहिल्या दिवशी ती धावत बाहेर आली. "आई, माझी मीटिंग चालू होती!"

"मीटिंग करणारी बाई जेवत नाही काय?"

"जेवते ना, काम करता करता."

"मग आता नुसती जेव."

प्रज्ञा तोंड फुगवून जेवली. रोज तसंच. मी दोघींच्या मध्ये पडले नाही. प्रज्ञाचंही बरोबर होतं. घराचे हप्ते तिच्याही पगारातून जात होते, रेडिओतून नाही.

महिनाभराने विजूने स्विचच्या पेटीला कुलूप घातलं. "हे घर आहे, आई. तुझा कारखाना नाही."

"मेल्या, माका शिकवतंस?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ती प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन लिफ्टने खाली उतरली आणि गेटच्या बाजूला, भर उन्हात, रेडिओ लावून बसली. येणारा जाणारा विचारायचा, "आजी, इथे कशाला? घरात ऐका ना." ती सगळ्यांना एकच सांगायची, "घरात कुलूप आहे." मी म्हटलं, "अगं, डोकं फिरलं का? ऊन लागून मरशील." म्हणाली, "परवानगी घेऊन जगायचं असतं, तर मी लवकर मेले असते. तू छत्री धर, नाहीतर वर जा." मी छत्री धरली. दुसरं काय करणार?

आठवडा गेला. सोसायटीभर झालं की विजूने आईला घराबाहेर काढलं. रविवारी तो किल्ली हातात घेऊन खाली आला. चेहरा उतरलेला. "आई, चल वर. अर्धा तास घे तुझा. पण आधी विचारत जा."

ती उठली नाही. "सांगत जाईन," म्हणाली. "विचारणार नाही."

"एकच ना ते!"

"एकच असेल तर तुला काय अडचण आहे?"

विजूने खुर्ची उचलली. ती रेडिओ घेऊन पुढे चालू लागली.

गेल्या थंडीत ती गेली. छातीत कफ झाला, चार दिवसांत आटोपलं. नेताना विजू रडत रडत मला म्हणाला, "मावशी, रेडिओ तिच्याबरोबर ठेवू का?" मी म्हटलं, "वेडा आहेस का? चालू वस्तू आहे. कोणी जाळतं का?" लोकांनी माझ्याकडे बघितलं. बघू देत.

रेडिओ माझ्यामागे तू घे, असं तिने मला मागेच सांगून ठेवलं होतं. तेराव्यानंतरच्या रविवारी दुपारी मी कापडी पिशवी घेऊन वर गेले. बेल वाजेना म्हणून दार ठोठावलं. प्रज्ञाने उघडलं आणि परत जाऊन खिडकीत बसली. मांडीवर ताट, शेजारी रेडिओ. पंखा बंद. काटा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेला आणि ती तशीच ते घुं घुं ऐकत वरणभात कालवत होती. मी काटा लावून दिला. ती "हं" म्हणाली, खात राहिली.

तेवढ्यात विजू आतून ओरडत आला. "लाईट कोणी घालवली? मॅच चालू होती माझी!"

"मी," प्रज्ञा म्हणाली.

"सांगून तरी घालवायची!"

प्रज्ञाने घास गिळला. "हे सांगितलं ना आता."

मी रेडिओ मागितला नाही. पिशवीची घडी केली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली आले.