ढवळीची चाटण वीट

गुरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात, शेण आणि किस्से. शेण साबणानं निघतं. किस्से साचत जातात, आणि मुरबाडला टपरीवर आम्ही दोस्त बसलो की एकेक बाहेर पडतो. माझ्याकडचे निम्मे एकट्या काशीबायचे आहेत.

काशीबाय सिद्धगडाच्या पायथ्याची. तिची ढवळी गाय म्हशाच्या गुरांच्या जत्रेत नेली, तर कुणी तिच्यापाशी थांबलंसुद्धा नाही, एवढी हाडं वर आलेली. काशीबायचा मुलगा मंगेश वाशिंदला कंपनीत आहे. त्यानं सांगून टाकलं, "शिमग्यापर्यंत गाय सुधारली नाय तर मिळल त्या भावात देनार. भारे भारे पेंढा खाते आनि नुसतं शेण टाकते." त्याला गोठा नव्या बाइकसाठी हवा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

काशीबाय दवाखान्यात आली ती हट्टालाच पेटून. काय वाट्टेल ते करा, पण गाय घरातून जाता कामा नये. मीही म्हटलं, बघू कशी जाते ती!

* * *

मी शहापूरहून चाटण वीट आणून दिली. उसाची गोड मळी, क्षार आणि थोडा युरिया घालून दाबलेली, गुरांनी दिवसभर थोडी थोडी चाटायची. समजावलं, की पेंढा गाय पचवत नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात, आणि नुसत्या पेंढ्यावर त्यांना जोर येत नाही. वीट त्यांच्यासाठी आहे.

काशीबायनं सगळं ऐकून घेतलं. "इथं मानसांना कोन इचारत नाय, आनि तुमी जंतूंना गोड देताय."

* * *

पंधरा दिवसांनी गेलो तर गोठ्यात वीट नाही. कुठाय? तर वाघोबाजवळ. त्यांच्या गावात नवी वस्तू आधी वेशीवरच्या वाघोबाला दाखवतात, आणि काशीबायनं वीट दाखवून तिथंच ठेवली होती. रानात जाता-येता गावच्या गुरांनी ती चाटून पार पापडाएवढी केलेली. फक्त ढवळी तिथवर पोचली नव्हती, कारण ती दावणीलाच बसून होती.

मी डोक्याला हात लावला. काशीबाय मात्र खूश. "देवानं चाटून खाल्ली. म्हंजे वस्तू खरी हाय. आता गायीला आना."

* * *

दुसरी वीट गव्हाणीत बांधूनच आलो. पुढच्या खेपेला पाहिलं तर ती कोनाड्यात! काशीबाय संध्याकाळी दिवा लावून झाला की वीट गायीच्या तोंडापुढं धरायची, दोनदा जीभ फिरली की परत वर. प्रसादासारखी. मी चिडलो, तर म्हणाली, संपली म्हंजे? त्या दिवशी मी तिला आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोललो, आणि वीट तारेनं आवळून टाकली.

* * *

मग ढवळी दिवसभर वीट चाटायला लागली. पण पेंढा पचतोय का, हे कळणार कसं? शेण चाळणीत घेऊन वाहत्या पाण्यात धुवायचं, न पचलेल्या काड्या वर राहतात. मी घरची चाळणी नेली आणि ओढ्यावर बसलो. पहिल्यांदा काड्यांचा ढीग निघाला.

बाइकवरून जाणारा मंगेश थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, "डॉक्टर, गायीनं कुनाची आंगठी गिळलीय काय?"

घरी बायकोनं एवढंच विचारलं, की पोहे आता कशात चाळायचे. चाळणी तेव्हापासून माझ्या डिकीत असते.

* * *

शिमगा तोंडावर आला. मंगेशनं बोलावलेला गुरांचा दलाल यायचा, त्या दिवशी सकाळीच काशीबाय दवाखान्यात हजर, रागानं लाल. पदरातून तडकलेली शेणी काढून माझ्या टेबलावर आपटली. म्हणाली, "तुमच्या विटंनं शेणातला काडीकचराच गेला. शेणी थापली की तडकते. चूल काय तुमच्यावर पेटवू?"

मी शेणी चुरून पाहिली. मऊ भुगा, काडी शोधून सापडेना. मला इतका आनंद झाला, की काय सांगू! तिला गाडीवर बसवून तडक गावी निघालो.

अंगणात दलाल आधीच आलेला. ढवळी उभी होती, पाठ भरलेली, कातडीवर तकाकी. दलालानं दात पाहिले, शेण पाहिलं, आणि चांगला भाव बोलला. मंगेशचा चेहरा उजळला. म्हणाला, "आई, आता तर द्यायलाच पायजे."

गाय राहावी म्हणून आम्ही दोघं झटलो, आणि तिलाच गिऱ्हाईक लागेल अशी करून ठेवली.

काशीबाय जाऊन ढवळीच्या दाव्यापाशी उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"विकायचीच आसंल तर तुझी गाडी वीक. ती पन रोज पिते, आनि साधं शेण पन देत नाय."

मंगेशनं एकदा अंगणात उभ्या बाइककडे पाहिलं. मग माळ्यावर चढला आणि ढवळीसाठी पेंढ्याचा एक भारा खाली टाकला.