मागच्या भिंतीवरचा पत्रा

नांदे गावच्या हैबतरावांची सून, हृतिकची बायको उत्कर्षा गेली, तेव्हा लोकांच्या तोंडी सगळ्यात आधी विश्राम वायरमनचं नाव आलं.

उत्कर्षा अंघोळीला गेली, गॅसचा गिझर लावला आणि बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. दार तोडलं तर ती फरशीवर पडलेली. बत्ती चालू होती, भिंतीतला पंखाही फिरत होता. डॉक्टर म्हणाले, गिझरचा विषारी वायू आत कोंडला. मग गावात बोलणं सुरू झालं. पंखा फिरत होता तर वायू कोंडला कसा? इश्रामनं उलटा जोडला असंल.

विश्राम धनगराच्या घरचा. चराईची रानं बिल्डिंगांखाली गेली, बापानं मेंढरं विकली आणि पोरगा वायरिंग शिकला. हैबतरावांच्या घराचं आणि भाड्याच्या खोल्यांचं सगळं काम त्याचंच. कुणी विसरायला नको म्हणून न्हाणीघरातली बत्ती आणि पंखा त्यानं एकाच बटणावर घेतले होते. उत्कर्षाला समजावलंही होतं, "वैनी, पंखा आतली हवा भाईर टाकतो, पर तेवढी आत याया बी पायजे. दाराखालची फट बुजवू नका." ती हसून म्हणाली होती, "शिकवणीच काढा तुम्ही, भावजी."

आता त्याचाच स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नाही. चुकून उलटसुलट वायर जोडली गेली असेल का? तेरावं झाल्यावर तो वाड्यावस्त्यांवरची कामं टाकून हैबतरावांकडे गेला. म्हातारा ओट्यावर एकटाच बसला होता.

"तात्या, पंखा बघू का एकदा?"

"बघ. आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

विश्रामनं पंखा लावून त्याच्यापुढं उदबत्ती धरली. पातं बरोबर फिरत होतं, वायरी जागच्या जागी होत्या. धूर मात्र पात्यापर्यंत जाऊन माघारी खोलीतच पसरत होता. आपली चूक नाही, एवढं कळून त्याला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. तो शिडी घेऊन घरामागं गेला. पंख्याच्या भोकावर बाहेरून पत्रा ठोकलेला होता. शेजारच्या भाड्याच्या खोल्यांनाही तसाच.

"तात्या, मागं पत्रा कुणी मारला?"

"म्या. पारवं घरटी करत व्हती. का रं?"

विश्रामला गप्प बसता आलं असतं. पत्रा गुपचूप काढायचा आणि पंखा बिघडला होता म्हणायचं. लोक तर म्हणतच होते. पण तात्यांनी उद्या पुन्हा पत्रा ठोकला तर? त्या खोल्यांतही माणसं रोज अंघोळ करत होती. तो म्हाताऱ्याशेजारी बसला.

"तात्या, हवेला भाईर जायला वाटच न्हवती."

हैबतरावांनी मागच्या भिंतीकडं मान वळवली. मग हळूच म्हणाले, "तिनंच सांगितलं व्हतं, पारव्यांची लई घाण पडतीया म्हून. कदी काय मागत न्हवती पोर. म्या लगेच शिडी लावली."

थोड्या वेळानं ते उठले. "पक्कड आन."

विश्राम नको नको म्हणत असताना ते स्वतः शिडीवर चढले. एकेका खोलीचा पत्रा उपसत गेले. घरच्या न्हाणीघराचा शेवटी ठेवला होता. तिथं पक्कड लावली, पण हात चालेना. भिंतीला कपाळ टेकून ते तसेच उभे राहिले. विश्रामनं खालून त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. मग वर चढून तो पत्रा त्यानंच काढला.

हैबतरावांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, विश्रामनंही नाही. गावातली कामं तुटली. आता तो हिंजवडीत एका ठेकेदाराकडं कामाला जातो.

"खरं काय ते सांगा की लोकान्ला," एकदा त्याची बायको रेश्मा वैतागून म्हणाली.

"हृतिकच्या कानावर जाईल. बायको गेली त्याची. आता बाप तेवढा उरलाय," विश्राम म्हणाला.

 रेश्मानं त्याचं ताट वाढलं.