शाहूपुरीतून काठेवाडात, जमनाबेनच्या माहेरी

एका लग्नपत्रिकेनं आमचा प्रवास ठरवला! शाहूपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी जमनाबेन, गुळाच्या व्यापाऱ्याची बायको, तीस वर्षांत माहेरी गेली नव्हती. भाचीच्या लग्नाला तिनं सोबत म्हणून मला, शाळेतल्या मास्तरीणबाईला, घेतलं.

"बाई, माझं गुजराती पार कोल्हापुरी झालंय की. हसतील न्हवं मला तितं?" ती सारखी विचारी.

कोल्हापूर आणि काठेवाड आता एकाच मुंबई राज्यात! तरी पुणे, मुंबई, विरमगाम अशा तीन गाड्या बदलाव्या लागल्या. तुम्ही जाणार असाल तर पाण्याचा फिरकीचा तांब्या न्याच.

सुरतेपुढं स्टेशनांच्या पाट्या मी भराभर वाचू लागले. बहुतेक आपलीच अक्षरं, डोक्यावरची रेघ तेवढी काढलेली! नडियादला चढलेल्या एका निवृत्त मास्तरांना माझं कौतुक वाटलं. संस्कृतातून प्राकृत, मग अपभ्रंश, त्यातून जुनी गुजराती. काही शतकांपूर्वी ती आणि मारवाडी एकच होत्या, असं त्यांनी सांगितलं. जैन साधूंनी पोथ्यांत ती जपली, पारशांनी आपली मानली, व्यापाऱ्यांनी थेट आफ्रिकेत नेली. मी हरखून सगळं वहीत उतरवलं. जमनाबेन मात्र डब्यात सगळ्यांना नुसती मान हलवून उत्तर देत होती.

गोंडलपासून बैलगाडी. पोचल्यावर बाजरीचा रोटला, ताक आणि गूळ. गूळ आपलाच चांगला, बरं का! भावाच्या घरीही हिचं नुसतं हं-हं.

लग्नात तिकडं दोन्हीकडच्या बायका एकमेकींची टिंगल करणारी गाणी म्हणतात, त्यांना फटाणी म्हणतात. वरपक्षानं आमच्यातल्या कुणाचं नाक सोडलं नाही की पोट. आमच्या पोरींची गाणी संपली, तेव्हा वरपक्षाच्या बायकांनी गाण्यातच विचारलं, कोल्हापूरची आत्या मुकी आहे काय?

माझा जीव टांगणीला लागला. जमनाबेन उठली, पदर खोचला आणि खणखणीत कोल्हापुरी आवाजात आईची जुनी फटाणी सुरू केली. एकामागून एक! गावातल्या पोरींनी ती कधी ऐकलीच नव्हती. वरपक्षानं हार मानली, मी टाळ्या पिटत होते, आणि तिचा भाऊ डोळे पुसत म्हणाला, "आ तो बा बोले छे." ही तर आई बोलतेय.

परत येऊन महिना झाला. वहीतली दोन पानं मास्तरांची, बाकी सगळी फटाणी. जमनाबेन सांगते, मी रेघ न काढता लिहिते. काल एका ओळीपाशी थांबून मी विचारलं, "नक्की असंच आहे ना?"

"लिवा की, बाई," ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी म्हणतीया तेच खरं गुजराती हाय!"